साखरेचे अतिसेवन

पदार्थात वरून घातलेली साखर आणि गूळ, तसेच मध व फळांच्या रसातील शर्करा शरीराच्या गरजेपेक्षा जास्त पोटात जाणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार या शर्करेतून मिळणारे उष्मांक रोजच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावेत. ५ टक्क्यांखाली आले तर अधिक चांगले. २,००० कॅलरींच्या आहारात याचा अर्थ अनुक्रमे ५० व २५ ग्रॅम. २५ ग्रॅम म्हणजे जेमतेम सहा चमचे. अख्ख्या फळातील आणि दुधातील साखर या हिशेबात धरत नाहीत.

पुण्याच्या मंडईत हा फरक सहज ध्यानात येतो. १८८६ साली रे मार्केट म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळालेल्या या बाजारात केळी, चिकू, आंबे अख्खे विकत मिळतात. ते चावून खावे लागतात, त्यांतल्या चोथ्यामुळे साखर सावकाश रक्तात उतरते. उसाच्या रसाचे तसे नाही. त्यात साधारण १३ ते १५ टक्के साखर असते आणि चोथा चरकातच राहतो. बर्फ न घातलेल्या २०० मिलिलीटरच्या एका पेल्यातच दिवसाचे सहा चमचे संपतात. घरच्या श्रीखंडाचे जुने प्रमाण चक्क्याइतकीच साखर असे आहे. १०० ग्रॅमची वाटी थेट ५० ग्रॅमवर नेते. मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेला, शहराचा सर्वांत प्रसिद्ध गणपतीही दगडूशेठ या हलवायाच्या नावाने ओळखला जातो. इथे गोडाशिवाय सण होत नाही, आणि तो व्हावा असे कोणी म्हणतही नाही. प्रश्न रोजच्या चहाचा, बिस्किटांचा आणि बाटलीतल्या पेयांचा आहे.

साखरेच्या रेणूत अर्धे ग्लुकोज, अर्धे फ्रुक्टोज. फ्रुक्टोजचा बहुतेक भार यकृतावर पडतो. ते सतत जास्त आले, की यकृत त्याची चरबी करते. रक्तातील ट्रायग्लिसराइड आणि युरिक आम्ल वाढते, इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. मधुमेह केवळ साखरेने होत नाही. आनुवंशिकता, वजन, हालचाल यांचाही वाटा असतो. तरी गोड पेये नेमाने पिणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण अधिक आढळते. दातांचे नुकसान त्याहून लवकर होते: तोंडातील जीवाणू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते दातांचे कवच झिजवते.

“मी तर सडपातळ आहे” हा दिलासा पुण्यातल्याच संशोधनाने खोटा ठरवला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याकडच्या बाळांत स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. याज्ञिकांनी स्वतःची तुलना लंडनच्या जॉन युडकिन या सहकाऱ्याशी केली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. ‘लॅन्सेट’ने २००४ साली हे छायाचित्रासह छापले. अशा शरीराला जादा साखर पेलण्याची ताकद कमी असते, म्हणून वजनकाट्यावर भिस्त ठेवून चालत नाही.

गूळ साखरेसारखा अपायकारक नसतो, हा समजही मुळातच तपासायला हवा. त्यात लोह व खनिजे थोडी असतात, पण त्याचा बहुतांश भाग उसाची साखरच असतो. गुळाचा चहा मधुमेह्याच्या रक्तातील साखर वाढवतोच.