दोऱ्यालाही घर लागतं

आज आपण विणकामाचं सामान ठेवायच्या घरगुती युक्त्यांचा इतिहास ऐकणार आहोत. डब्याटोपल्यांना कसला आलाय इतिहास, असं वाटेल. पण बायकांनी आपलं सामान कशात ठेवलं, यावरून गाव कसं बदललं तेही कळतं. नवी मुंबईतलं आमचं महापे त्याचं उदाहरण आहे.

मराठीत ‘विणणं’ हा एकच शब्द किती कामांना चालतो बघा. बाज विणतात, टोपली विणतात, मासे धरायचं जाळं विणतात आणि स्वेटरही विणतात. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी. या पट्ट्यातल्या आगरी-कोळी वस्त्या भातशेती, मिठागरं आणि मासेमारीवर जगत. त्यामुळे दोरा सांभाळायची रीत इथे लोकरीच्या आधीपासून आहे. जाळं विणायच्या बांबूच्या सुईतच दोरा भरलेला असतो, म्हणजे हत्यार तेच आणि साठवणही तीच. ताग-सुताची जाळी कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवत. घरात भाताला कणगी, उंदरांपासून वाचवायच्या जिनसांना शिंकं आणि बारीकसारीक वस्तूंना बटवा.

दोन सुयांवरचं लोकरीचं विणकाम आपल्याकडे इंग्रजी अमलात, मिशनच्या शाळांमधून आणि मग मुलींच्या इतर शाळांमधून पसरलं. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं. बाईच्या हाताला कला असावी आणि त्यातून कमाई व्हावी, हा विचार अशा संस्थांनी रुजवला. कमाईचं सामान आलं, की ते ठेवायला बाईची स्वतःची जागा लागते. पत्र्याच्या ट्रंकेचा एक कोपरा अनेकींची तशी पहिली जागा ठरला.

१९६२ साली दोन गोष्टी घडल्या. १ ऑगस्टला एमआयडीसी स्थापन झाली, आणि ऑक्टोबरात चीनशी युद्ध सुरू झालं. युद्धाच्या दिवसांत देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले. इकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने वाढत गेले. १९७० साली सिडको आली. जमिनी गेल्या, भात गेला आणि भातासोबत कणगीही गेली. तिच्या जागी पत्र्याचे डबे आले. १९३७ पासून बाजारात असलेला डालडा संपला, तरी डबा कुणी टाकत नसे. धुऊन वाळवला, झाकणाला भोक पाडून कडा ठोकून गुळगुळीत केल्या, की गुंडा आत गडगडत राहतो आणि दोरा वर येतो. ना गुंता, ना धूळ.

आता गटाचं बघू. एकटीची लोकर बिघडली तर एक स्वेटर जातो. गटाची बिघडली तर सगळ्यांची बचत जाते. लोकरीला कसर लागते. ती एका जागी कुरतडते, पण गुंड्याचे सगळे पदर तुटतात. त्यात खाडीचा दमट वारा. म्हणून आम्ही जुन्याच रीती धरल्या आहेत. पावसाळा संपला की लोकर झटकून ऊन दाखवायची, पूर्ण गार झाली की घट्ट झाकणाच्या डब्यात भरायची. ओलसर लोकर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली तर बुरशी धरते. सुकवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवायचा. पाल्याने कीड दूर राहायला मदत होते, पण आधी लागलेली कसर मरत नाही, म्हणून ऊन चुकवायचं नाही.

सुयांसाठी बांबूची नळी घ्यायची, एका टोकाला पेर राखून. नाहीतर जुन्या लुगड्याच्या पट्टीला उभ्या शिवणी घालून नंबरवार खण करायचे आणि गुंडाळी करून नाडी बांधायची. लोकरीच्या वेष्टनावरचा रंगाचा नंबर आणि लॉट कापून गुंड्यासोबत ठेवायचा. लॉट बदलला की रंगाची छटा बदलते, आणि अर्धा विणलेला स्वेटर अडून बसतो.

शेवटी वही. कोणी किती गुंडे नेले, किती परत आले, हे त्याच दिवशी लिहायचं. पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीकडे. यात अविश्वास नाही. हिशेब स्वच्छ राहिला की मैत्रीही टिकते.

तुमच्या गावात दोरा, सुया, लोकर कशात ठेवायचे, ते घरातल्या आजीला नक्की विचारा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. आपल्या हातांचा इतिहास आपणच लिहायचा आहे.