खांद्यावर फावडं, पायात बूट

साकोली असो, लाखनी असो की पवनी, गावाबाहेर जाणारा रस्ता पहाटे पाच वाजता पाहावा. पोरंपोरी घोळक्यानं धावत असतात. पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर आणि पोरींना ८०० मीटर धावावं लागतं, सैन्यभरतीतही मैलभराची धाव चुकत नाही. भंडारा जिल्ह्यात सामूहिक धावणं आलं ते वर्दीच्या आशेनं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत कमरेत वाकून चिखलात दिवस काढणाऱ्या घरात व्यायामासाठी म्हणून कोणी धावत नाही, आणि त्यात नवल काही नाही.

मोठ्या शहरांत मात्र धावण्याची एक निराळी रीत रुजते आहे. घोळक्यानं धावत निघायचं, वाटेतल्या सार्वजनिक बागेत तासभर माती उपसायची, तण काढायचं, आणि धावतच परतायचं. ही रीत विलायती समजली जाते. तिचं एक घराणं विलायतेत आहेही. दुसरं आपल्या विदर्भात आहे, वयानं मोठं आहे, आणि त्याच्याकडे बूट नव्हते.

आधी विलायती घराणं पाहू. ऑक्सफर्डशायर परगण्यातल्या सॉनिंग कॉमन या गावी डॉ. विल्यम बर्ड दवाखाना चालवत. व्यायामशाळेत जा म्हटलं तर रोगी चार दिवस जातात आणि सोडून देतात, हे डॉक्टरांचं जुनंच दुखणं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस निसर्गरक्षणाचं काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या संस्थेशी त्यांनी हातमिळवणी केली आणि ‘ग्रीन जिम’ सुरू झाली. आधी अंग मोकळं करायचं, मग खणायचं, झाडं लावायची, झुडपं छाटायची, शेवटी पुन्हा अंग ताणून सैल करायचं. औषध म्हणून फावडं हाती दिलं, म्हणा ना. त्यात धावणं नव्हतं.

ते आलं पूर्व लंडनमधून. आयव्हो गॉर्मली या माहितीपटकाराला व्यायामशाळेत जागच्या जागी घाम गाळणं व्यर्थ वाटे. तो एका एकट्या म्हाताऱ्या गृहस्थाकडे वर्तमानपत्र घेऊन धावत जाऊ लागला. म्हातारा वाट पाहतो म्हणून धावण्यात खाडा पडत नसे, म्हणून त्यालाच प्रशिक्षक म्हटलं गेलं. ही कल्पना मला फार आवडते. यातूनच २००८च्या सुमारास ‘गुडजिम’ उभी राहिली. आठवड्यातून एकदा, प्रशिक्षकासह, काही किलोमीटर धावत जाऊन खताचा ढीग वाफ्यांपर्यंत वाहायचा किंवा माजलेलं गवत उपटायचं, हा तिचा मुख्य कार्यक्रम झाला. कामं अशीच निवडतात की ज्यांना कौशल्य नको, पण हात पुष्कळ हवेत. २०१६ साली स्वीडनमध्ये एरिक आलस्ट्रम यांनी धावताना कचरा वेचायची टूम काढली, ती ‘प्लॉगिंग’ या नावानं जगभर गेली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘फिट इंडिया प्लॉग रन’ म्हणून ती आपल्याकडे सरकारी कार्यक्रमातही आली.

आता विदर्भाकडे वळू. १९४६ साली विनोबा भावे पवनारहून काही मैलांवरच्या सुरगावला जाऊ लागले. रोज, पायी, खांद्यावर फावडं. गावाबाहेर उघड्यावर पडलेला मैला मातीआड करायचा आणि पायीच आश्रमात परतायचं. पावसाळा असो, ताप असो, नेम मोडत नसे. एकदा वाटेतल्या नाल्याला पूर आला. विनोबा काठावर उभे राहिले आणि पलीकडच्या माणसाला त्यांनी हाक मारून सांगितलं की देवळात जाऊन देवाला कळव, गावचा भंगी आला होता, पुरामुळे पोचू शकला नाही. हे किती वर्षं चालणार असं कोणी विचारलं तर ते वीस वर्षं म्हणत, कारण माणसांची सवय बदलायला एक पिढी जावी लागते असा त्यांचा हिशेब होता. गांधीजींच्या हत्येनंतर देशाच्या कामानं त्यांना दुसरीकडे ओढलं आणि हा नेम थांबला. लंडनच्या धावकांच्या कार्यक्रमाचा आराखडा या नेमात जवळजवळ सगळा आहे. फरक हेतूचा. तिकडे व्यायाम आधी होता, त्याला काम जोडलं. इथे काम आधी होतं, चालणं ही तिथे पोचायची वाट. व्यायाम झाला असेल तर तो फुकटचा.

याच घराण्यात गाडगेबाबा येतात. ते गावात शिरत तेच खराट्यासह. दिवसा झाडलोट, रात्री कीर्तन. तुकडोजी महाराजांनी त्याला वेळापत्रक दिलं : पहाटे सामुदायिक ध्यान, ग्रामसफाई, मग रांगेनं गावभर रामधून. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमुळे हे भंडाऱ्याच्या खेड्यांनाही परकं राहिलं नाही. १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांनी प्रभातफेरी आणि श्रमदान कॉलेजच्या पोरांच्या गळी उतरवलं, थोडं हजेरीपुरतं का होईना.

भंडाऱ्यात ही दोन घराणी एकत्र आणायची तर बाग कुठली घ्यायची? माझं उत्तर तलाव. कोहळी समाजानं शतकांपूर्वी बांधलेले मालगुजारी तलाव हेच या जिल्ह्याचं सार्वजनिक लागवडक्षेत्र आहे. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि देखभालीचा कोणी एक धनी उरला नाही. पाळीवर आणि उथळ पाण्यात बेशरम ही वनस्पती माजली. जनावरं तिला तोंड लावत नाहीत, आणि तोडलेल्या फांदीचा तुकडा ओलीत पडला तरी पुन्हा मूळ धरतो. म्हणून ती नुसती छाटून भागत नाही. मुळासकट उपटून दूर कोरड्या जागी वाहून न्यावी लागते. अनेक हातांचं, बिनकौशल्याचं, घाम काढणारं काम. भंडारा-गोंदियात मनीष राजनकर आणि ढिवर समाजाच्या मासेमारांनी काही तलावांत हे केलं आहे. बेशरम काढून तलावाच्या तळाशी देशी पाणवनस्पती लावल्या, म्हणजे देशी माशांना खाणं आणि अंडी घालायला आसरा मिळतो. त्यात ढिवर बायांचे हात मोठे आहेत. कुठली वनस्पती किती पाण्यात लावायची हे ज्ञान त्यांचं. धावणाऱ्यांनी तिथे ओझी वाहावीत, शहाणपण शिकवू नये.

वेळापत्रक मात्र लंडनचं चालणार नाही. आषाढ-श्रावणात दर आठवड्याला या म्हणाल तर कोणी येणार नाही, कारण भरतीची तयारी करणारी पोरंच तेव्हा बांधीत रोवणीला असतात. बेशरम काढायची ती तलाव आटल्यावर, चैत्र-वैशाखात, ऊन चढायच्या आत. तलावाकाठी लावायच्या झाडांचे दीड-दीड फुटांचे खड्डेही तेव्हाच खणून ठेवावे लागतात. आणि पावसाळ्यात लावलेलं रोप पुढच्या उन्हाळ्यात वाळतं ते पाण्यावाचून. २०१९ साली राज्यात ३३ कोटी रोपांचा संकल्प होता. तो लावण्याचा होता, पुढच्या मे महिन्यात पाणी कोण घालणार याचा नव्हता. पहाटे पाचला रस्त्यावर असलेल्या घोळक्यानं पाच-पाच लिटरचे कॅन उचलले तर वजन घेऊन चालण्याचा सरावही होईल. कॅन भरलेले असताना चालावं, रिकामे झाल्यावर धावावं. उलट केलं तर गुडघे जातील आणि भरतीही.