म्यूझिक काँक्रेत

म्यूझिक काँक्रेत : ध्वनिमुद्रित आवाज हेच मूळ द्रव्य मानून त्यांची कापणी, जुळणी, वेगबदल आणि पुनरावृत्ती यांतून साधलेली संगीतरचना. आगगाडी, पावलांचे आवाज, भांडी, माणसांचे बोलणे, वाद्यांचे सूर किंवा आधीच निघालेली एखादी ध्वनिमुद्रिका, यांपैकी काहीही तिच्यात येऊ शकते. फ्रेंच अभियंता व नभोवाणी-निर्माता पिएर शेफेर (१९१०–९५) याने १९४८ मध्ये पॅरिस येथे ही पद्धत मांडली. एरवी संगीतकार स्वर योजतो, लिहून काढतो आणि वादक ते वाजवतो. येथे क्रम उलटा असतो. ध्वनी आधीच हाती असतो, तो पुन्हापुन्हा ऐकत रचना घडते आणि तयार झालेले मुद्रण हीच अंतिम कृती ठरते. निराळ्या वादकाची गरज उरत नाही.

पूर्वपीठिका : ग्रामोफोनचा वाद्यासारखा उपयोग शेफेरच्या आधीही झाला होता. पाउल हिंडेमिट याने १९३० मध्ये बर्लिन येथे खास तबकडीसाठी केलेल्या रचना सादर केल्या. अमेरिकन संगीतकार जॉन केज याने ‘इमॅजिनरी लँडस्केप क्र. १’ (१९३९) या रचनेत वेग बदलता येणारी टर्नटेबले वापरली. हलीम अल्-दाब्ह याने १९४४ मध्ये कैरो येथे ‘झार’ या स्त्रियांच्या बाधा-निवारण विधीचे तारेवर ध्वनिमुद्रण केले आणि त्याच्यावर नभोवाणी केंद्रातील उपकरणांनी प्रक्रिया केली.

पहिल्या रचना : शेफेर फ्रेंच नभोवाणीच्या प्रायोगिक स्टुडिओत काम करीत असे. पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर त्याने वाफेची इंजिने, शिट्ट्या आणि चाकांचा खडखडाट मुद्रित केला व त्यातून सुमारे तीन मिनिटांची रेल्वेविषयक रचना तयार केली. हिच्यासह पाच रचना ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ‘गोंगाटाची मैफल’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली प्रसारित झाल्या. त्यांपैकी दोहोंचे द्रव्य पियानोचे सूर होते आणि ते पिएर बूलेझ याने वाजवले होते. दुसऱ्या एका रचनेत भांड्यांचा आवाज व माणसांचे बोलणे एकत्र आले. पुढे पिएर आंरी (१९२७–२०१७) याच्या सहकार्याने ‘सेंफनी पूर अन ओम सल’ ही दीर्घ रचना झाली. एकट्या माणसाच्या श्वासांपासून पावलांपर्यंतचे आवाज तिच्यात आहेत. १९५० मध्ये तिचा पहिला जाहीर प्रयोग झाला.

तंत्र : प्रारंभीचे सारे काम तबकड्यांवर चाले. चर सर्पिल न कोरता वर्तुळाकार बंद केला की सुई तेथेच फिरत राही आणि तोच आवाज पुन्हापुन्हा येई. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर असे आवर्तन सुमारे पाऊण सेकंदाचे होते. त्यामुळे रचनेची लय आपोआपच तबकडीच्या फेऱ्यांशी बांधली जाई. आजच्या ‘लूप’चा हा पूर्वज होय. दुसरा महत्त्वाचा प्रयोग घंटेचा. टोला पडतानाचा प्रारंभीचा अंश वगळून उरलेल्या नादाची तीव्रता सारखी राखली, तर तो घंटेचा वाटत नाही, एखाद्या सुषिर वाद्याचा भासतो. ध्वनीची ओळख त्याच्या उंचीइतकीच त्याच्या आरंभावर अवलंबून असते, हे यावरून दिसून आले.

१९५१ पासून शेफेरच्या स्टुडिओत टेपरेकॉर्डर आले. सेकंदाला ३८ सेंमी. वेगाने धावणारी फीत पात्याने कापून चिकटवता येत असल्याने काळ मोजपट्टीने मोजता येऊ लागला. फीत दुप्पट वेगाने फिरवली की सूर एक सप्तक चढतो व कालावधी निम्मा होतो. या तत्त्वावर ‘फोनोजेन’ हे यंत्र तयार झाले. त्याच्या बारा पट्ट्यांनी फितीला बारा निरनिराळे वेग देता येत.

मतभेद : आवाज कशाचा हे विसरून त्याचा पोत, घडण व चढउतार ऐकावेत, असा शेफेरचा आग्रह होता. १९६६ च्या आपल्या बृहद्ग्रंथात त्याने अशा श्रवणाची मीमांसा केली. कोलोनच्या नभोवाणी स्टुडिओत मात्र यंत्रनिर्मित शुद्ध सुरांना प्राधान्य होते. कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन याने १९५६ मध्ये मुलाचा आवाज व यंत्रनिर्मित ध्वनी एका रचनेत आणून दोन्ही प्रवाह जोडले.

उलट दिशेने आक्षेप ल्यूक फेरारी याच्या ‘प्रेस्क रियँ क्र. १’ (१९७०) या कृतीतून पुढे आला. डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरील एका मासेमार गावाची पहाट तिच्यात जवळजवळ जशीच्या तशी ऐकू येते, आणि ठिकाण ओळखू येणे हाच तिचा आशय आहे. कॅनडात आर. मरी शेफर याच्या गटाने परिसरध्वनींच्या नोंदींना अभ्यासाचे रूप दिले. त्याच परंपरेतील हिल्डेगार्ड वेस्टरकांप हिने १९९० च्या दशकात दिल्लीतील आवाजांवर रचना केल्या. भारतात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर याच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी तेथे फितीवर प्रयोग केले.

ध्वनिमुद्रिकांचे सॅम्पल : न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ पासून डीजे कूल हर्क दोन टर्नटेबलांवर गाण्यातील केवळ तालाचा तुकडा लांबवू लागला. शेफेरशी त्याचा संबंध नव्हता, पण तबकडीतील आवर्तनाचा उपयोग तोच होता. पुढे हे काम यंत्राने होऊ लागले. १९८७ मध्ये आलेल्या ‘एसपी-१२००’ या सॅम्पलरमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रिकेतून घेतलेला तुकडा (सॅम्पल) साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, जेमतेम दहा सेकंदांचा ध्वनी मावे. म्हणून ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ वर वाजवून सॅम्पल घेत आणि यंत्रात ते पुन्हा संथ करीत. त्यातून येणारा खरखरीत पोत सॅम्पलांवर उभ्या असलेल्या या संगीताची खूण बनला. डीजे शॅडो याचा १९९६ चा पहिला अल्बम जवळजवळ संपूर्णपणे सॅम्पलांतून घडला आहे.

आवाजाचे मूळ ओळखू यावे की नाही, हा प्रश्न येथे कायद्याचाही झाला. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने विनापरवाना सॅम्पल घेणाऱ्या रॅपर बिझ मार्की याच्या विरुद्ध निकाल दिला. तेव्हापासून अमेरिकेतील कंपन्या प्रत्येक तुकड्याची परवानगी आधी घेऊ लागल्या. अनेक तुकडे एकावर एक रचणे महाग झाले. निर्माते तुकडे ओळखू न येतील इतके बारीक कापू लागले, मूळ सुरावट नव्याने वाजवून घेऊ लागले किंवा स्वतः मुद्रित केलेल्या आवाजांकडे वळले.