तांब्याचा वॉशर आणि कासाराची भट्टी

गोंदिया शहराच्या वेशीला लागून असलेले मुर्री हे गाव ज्या मुलखात वसले आहे, तो मुलूख लौकिकात धानाचा, तेंदूपानाचा आणि तलावांचा म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीचा इतिहास ज्याला लिहावयाचा असेल, त्याने या मुलखाकडे तांब्याचा शेजार म्हणूनही एकवार पाहिले पाहिजे. येथून उत्तरेला लागणारा बालाघाट जिल्हा इंग्रजी अंमलात 1867 साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचा काही काही भाग एकत्र करून निर्माण करण्यात आला, आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, म्हणजे 1870 साली, त्याच जिल्ह्यातील गुंगेरिया येथे जमिनीतून तांब्याची 424 हत्यारे व रुप्याचे 102 पातळ पत्रे बाहेर पडले. त्याच जिल्ह्यातील मलाजखंडच्या डोंगरात हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीची प्रचंड उघडी खाण आहे. नैर्ऋत्येला भंडारा, पितळी भांड्यांचे जुने नामांकित गाव; आणि 1 मे 1999 रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत मुर्रीचा सारा महसुली कारभार त्याच भंडाऱ्याच्या नावाने चाले. अशा ठिकाणी एखाद्या मिस्त्र्यापुढे जुन्या मोटारसायकलचे इंजिन खोलून पडलेले असावे आणि तांब्याच्या एका चवलीएवढ्या चकतीवाचून त्याचे काम अडावे, ही विसंगती या भागाने पुष्कळ वर्षे अनुभवली आहे.

ही वाहने आली कशी, हा वृत्तांत थोडक्यात आटोपता येईल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी बीएसए एम 20 या 496 सीसीच्या सुमारे सव्वा लाख गाड्या तयार झाल्या, आणि युद्ध संपल्यावर लष्कराच्या शिल्लक मालाच्या विक्रीतून त्या व तत्सम गाड्या हिंदुस्थानातील खाजगी मालकांच्या हाती गेल्या. 1955 साली मद्रासेस एन्फील्ड इंडियाची स्थापना होऊन बुलेट येथे जुळू लागली. त्यानंतर म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत आली. राइसमिलचे मालक, जंगलाचे ठेकेदार, सरकारी अंमलदार असे या वाहनांचे गिऱ्हाईक. त्यांच्या दुरुस्तीला जो मिस्त्री लाभला तो बहुधा डिझेल इंजिनावर हात बसलेला असे, कारण धान भरडण्याच्या गिरण्यांनी या भागात यंत्राचे शिक्षण मोटारसायकलच्या आधीच पोहोचविले होते, आणि डिझेल इंजिनाच्या नोझलखाली बसणारा तांब्याचा वॉशर त्याच्या पूर्ण परिचयाचा होता.

आता त्या वॉशरचे कार्य काय, हे जरा सावकाश पाहू. तेलाच्या नळीचा बोल्ट अथवा तेल सोडण्याचा प्लग जेव्हा इंजिनाच्या अंगात आवळला जातो, तेव्हा दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांवर कातकामाच्या सूक्ष्म रेघा असतातच, आणि तेल त्या रेघांतूनच वाट काढते. मधला तांब्याचा वॉशर मऊ असल्यामुळे दाबाखाली किंचित वाहतो, त्या रेघा भरून काढतो आणि वाट बुजवितो. परंतु हे घडत असताना तांब्याचे स्फटिककण दडपले जाऊन तो ताठर होतो. एकदा आवळलेला वॉशर पुन्हा जसाच्या तसा बसविला, तर पहिल्या खेपेचे ठसे अंगावर वागवीत असलेली ती कठीण चकती नव्या रेघांशी जुळवून घेत नाही. तेल पाझरू लागते. मग मिस्त्री पाना आणखी जोराने ओढतो, आणि अखेरीस ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमधले आटे उपटून हातात येतात. दोन-चार रुपयांच्या जिनसेपायी सबंध केसिंगवर खर्च ओढवतो तो असा.

बुलेटमध्ये हा प्रश्न विशेष निकडीचा असतो, कारण तिच्या जुन्या इंजिनात वरच्या रॉकरांना तेल पुरविणारी नळी इंजिनाच्या बाहेरून चढत जाते, तिच्या टोकांना बँजो बोल्ट, म्हणजे ज्यांच्या पोटातून तेल जाते असे सच्छिद्र बोल्ट, असतात, आणि प्रत्येक बोल्टला दोन वॉशर लागतात: एक बोल्टच्या डोक्याखाली, दुसरा नळीच्या कडीच्या पलीकडे. पैकी एक नवा आणि एक जुना बसविणाऱ्या मिस्त्र्याला गाडी पुन्हा आपल्याच दारात पाहावी लागते.

नवा वॉशर घ्यावा, हे सांगणे आज सोपे आहे. पूर्वी मात्र 1947 च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याखाली परदेशी मालाला परवाना लागे, देशातील तांब्याचे उत्पादन मुख्यतः घाटशिला भागापुरते होते, आणि मागणीचा मोठा हिस्सा बाहेरून आणावा लागे. मलाजखंडची खाण 1982 साली सुरू झाली खरी, तथापि तेथले समृद्ध केलेले खनिज वितळण्यासाठी राजस्थानात खेत्रीला रवाना होई. बालाघाटचे तांबे गोंदियाच्या मिस्त्र्याच्या पेटीत पोहोचावयाचे तर त्याला एवढा प्रदक्षिणेचा मार्ग! बंद पडलेल्या विलायती कारखान्यांच्या गाड्यांचे तर बोलायलाच नको. म्हणून जुना वॉशर फेकून देण्याची चाल या भागात रुजली नाही, आणि तो पुन्हा जिवंत करण्याची रीत मात्र घरोघर नसली तरी गॅरेजोगॅरेजी कायम झाली.

ती रीत पाहण्याजोगी आहे. वॉशर बारीक लोखंडी तारेत ओवून ब्लोलँपच्या ज्वाळेत धरावयाचे. तेही उन्हात नव्हे, आडोशाला, कारण जो मंद लाल रंग हवा असतो तो भर उजेडात दिसतच नाही आणि दिसेपर्यंत ताव फार होऊन गेलेला असतो. रंग चढला की पाण्यात सोडावयाचे. चुर्र होऊन काळी पापडी सुटते. उरलेली चिंचेच्या कोळाने निघते. मग काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर पसरून त्यावर चकती दोन्ही बाजूंनी सपाट घासावयाची आणि फरशीवर टाकून कान द्यावयाचा: कठीण तांबे खणकन वाजते, नरम झालेले बद्द पडते. पापडीचा कण राहू देणे मात्र प्राणघातक, कारण तोच बँजोच्या छिद्रात अडकून रॉकर कोरडा पाडू शकतो. लोखंडकामात मुरलेल्या माणसाला हा प्रकार प्रथम उफराटा वाटतो. पोलाद लाल करून पाण्यात बुडविले की ते कठीण होते, आणि येथे तर नेमके उलट. वस्तुतः तांबे नरम करते ती उष्णता. तिच्यामुळे दडपलेल्या कणांच्या जागी नवे कण उगवतात. पाण्याचा उपयोग पापडी उडविण्यापुरता आणि वेळ वाचविण्यापुरता.

या ज्ञानासाठी विलायती पुस्तकाची गरज नव्हती. भंडाऱ्याचा कासार काय किंवा पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीचा तांबट काय, हातोडीने पत्रा वाढविताना तो ताठला, आता पुढचा घाव चीर पाडील, हे हाताला कळताच भांडे भट्टीत घालून त्याला ताव देत असे आणि मगच पुढे ठोकीत असे. आणि भांडे पुरे झाल्यावर तोच कारागीर त्यावर मठारकाम करी, म्हणजे एकसारखे घाव घालून त्याचे अंग बुद्ध्या कठीण करी, जेणेकरून ते वापरात चेपू नये. एकच धर्म, पण कासाराला शेवटी काठिण्य हवे आणि मिस्त्र्याला मार्दव. गॅरेजातल्या मिस्त्र्याने ही विद्या कासाराकडूनच घेतली, असा दावा करण्याची माझी तयारी नाही. परंतु ज्या जिल्ह्यात पिढ्यान्पिढ्या ही भट्टी पेटलेली होती, तेथे तांबे तापवून नरम होते ही गोष्ट कोणाला नवलाची वाटली नसणार, एवढे खचित. पुढे स्टीलच्या भांड्यांनी कासाराच्या व्यवसायाला उतरती कळा आणली.

काटकसरीचा हा अधिकार सर्वच वॉशरांना पोहोचत नाही, आणि येथे अनेक हौशी पुनर्निर्माते फसतात. सुती लगद्यावर जस्त क्लोराइडची प्रक्रिया करून बनविलेला तांबडा फायबर वॉशर एकदा दबला की संपला. दुमडलेल्या पातळ पत्र्याचा पोकळ वॉशर चिरडण्यासाठीच जन्मास येतो. चिरडल्यावर त्याला ताव देऊन उपयोग नाही. पोलादी कड्याच्या आत रबर चिकटविलेल्या वॉशरला ज्वाळा दाखविणे हा तर शुद्ध मूर्खपणा. ॲल्युमिनियमचा वॉशर नरम होतो, परंतु तो लाल न होताच 660 अंशांवर वितळतो, म्हणून जाणते लोक त्यावर साबण घासतात आणि साबण काळा पडताच ज्वाळा काढून घेतात. पुनर्वापराचा हक्क खऱ्या अर्थाने एकट्या भरीव तांब्याला आहे, आणि त्यालाही तो पातळ झालेला नसेल व अंगावर खोल खाच नसेल तरच.

आज बुलेटच्या मापाचे वॉशर सहज मिळतात, तेव्हा रॉकरच्या नळीचे वॉशर जोडीने नवेच घालावेत, यात वाद नाही. परंतु बीएसए किंवा नॉर्टनसारख्या इंची मापाच्या जुन्या इंजिनांना बाजारातला मिलिमीटरचा वॉशर नीट मध्यावर बसत नाही. तेथे मूळचा जाड तांब्याचा वॉशर ताव देऊन, घासून बसविलेला केव्हाही सरस. अशा इंजिनातून निघालेला एकही भरीव वॉशर, नवा हाती येऊन बसवून पाहीपर्यंत, भंगारात टाकू नये.