वारेतून आलेलं औषध

बाळंतपणानंतर पुरून टाकायची ती वार. एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावरचं पहिलं औषध तिच्यातून निघालं.

पॅरिसमधला वैद्यकाचा विद्यार्थी फिलिप गोशे याने 1882 साली प्रबंधात एका बाईची हकिकत नोंदवली. तिची पाणथरी अवाढव्य वाढली होती. त्याला तो कर्करोग वाटला. खरी भानगड मेदाची होती. जुन्या रक्तपेशींच्या आवरणातला एक मेद मोडायला ठरावीक एन्झाइम लागतं. आई आणि वडील, दोघांकडून सदोष जनुक आलं तर ते कमी पडतं. मग मेद भक्षक पेशींत साचतो, पाणथरी नि यकृत फुगतं, रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात. आजाराला नाव पडलं गोशे.

कोणतं एन्झाइम कमी पडतं, हे 1960च्या दशकात अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रॉस्को ब्रॅडी आणि सहकाऱ्यांनी शोधलं. कमी आहे ते बाहेरून द्यावं, हा विचार सरळ होता. वारेतून काढलेलं एन्झाइम 1974च्या सुमारास दोन रुग्णांना देऊन पाहिलं. पण पुढे गाडी अडली: बरंचसं एन्झाइम भलत्याच पेशी उचलून नेत. तोड सापडली त्याच्या अंगावरच्या साखरेच्या साखळ्यांत. त्यांची टोकं छाटली की मॅनोज ही साखर उघडी पडते आणि भक्षक पेशी नेमकी तीच ओळखून एन्झाइम आत ओढतात.

1991 मध्ये जेन्झाइम कंपनीच्या ‘सेरेडेझ’ला अमेरिकेत मान्यता मिळाली. एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधाला हजारो वारा लागत. पुरणार किती? 1994 मध्ये हॅमस्टरच्या पेशींत मानवी जनुक घालून बनवलेलं ‘सेरेझाइम’ आलं. 2012 मध्ये तर इस्रायलमध्ये गाजराच्या पेशींतून काढलेल्या औषधालाही मान्यता मिळाली.

कच्चा माल बदलला, तरी औषध सामान्यांच्या आवाक्यात आलं नाही. दर दोन आठवड्यांनी, जन्मभर ते शिरेतून घ्यावं लागतं. मात्रा वजनावर, म्हणजे मूल वाढेल तसा खर्चही वाढणार. भारताच्या 2021च्या दुर्मीळ आजार धोरणात गोशेचा समावेश आहे. मुंबईच्या केईएमसारख्या केंद्रांतून रुग्णाला 50 लाखांपर्यंत मदत मिळते. जन्मभराच्या आजाराला एकरकमी मर्यादा घालणं म्हणजे उपचार अर्ध्यावर सोडणं. धोरणातली ही खोट आधी दुरुस्त व्हायला हवी.