लघु ख्रिस्ती समूह : मिरा-भाईंदरमधील घराघरांतील ख्रिस्तसभा

धर्मग्रामातील शेजारी कुटुंबे आपसात एकत्र येऊन प्रार्थना, बायबलवाचन व सेवाकार्य करतात, त्या गटाला लघु ख्रिस्ती समूह असे म्हणतात. चर्चला पर्याय म्हणून हा समूह निर्माण झालेला नाही. रविवारच्या मिस्साबलिदानात जे ऐकले ते आठवडाभर आपल्या आळीत, चाळीत वा इमारतीत कसे जगावे, हे शिकविणारी ती ख्रिस्तसभेची सर्वांत लहान शाळा आहे. मिरा-भाईंदरसारख्या झपाट्याने वाढलेल्या शहरात या समूहांचे महत्त्व काय, त्यांचे कार्य कसे चालते आणि त्यांची कसोटी कोणती, याचा परिचय येथे करून देत आहोत.

आरंभीच्या मंडळ्या

ही कल्पना नवी नाही. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या ख्रिस्ती लोकांचे चित्र आहे. ते प्रेषितांच्या शिक्षणात व प्रार्थनेत तत्पर असत, घरोघरी भाकर मोडीत आणि ज्याला जशी गरज असेल तशी मदत वाटून देत. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी प्रिस्का व अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगितला आहे. कलस्सैकरांस व फिलेमोनास लिहिलेल्या पत्रांतही घरांत भरणाऱ्या मंडळ्यांचा उल्लेख येतो. भव्य चर्च उभी राहण्याच्या कितीतरी आधी ख्रिस्तसभा अशी घराघरांत वाढली.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर या परंपरेला नवे बळ मिळाले. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी घोषित झालेल्या ‘देई व्हेर्बुम’ या दस्तऐवजाने सर्व श्रद्धावंतांना पवित्र शास्त्राचे वारंवार वाचन करण्याचे आवाहन केले. १९९० साली इंडोनेशियातील बांडुंग येथे आशियातील बिशपांच्या महासंघाची सभा झाली. तिने ‘समूहांचा समूह’ असे ख्रिस्तसभेचे स्वप्न आशिया खंडापुढे ठेवले. मुंबई महाधर्मप्रांतात मात्र लघु ख्रिस्ती समूहांचे काम त्याआधीच, १९८० च्या दशकात, सुरू झाले होते. बिशप बॉस्को पेन्हा यांनी या कार्याला दिशा दिली.

गाव आणि शहर

मिरा-भाईंदर हे ठाणे जिल्ह्यातील शहर वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर आहे. खाडीपलीकडे १९९८ साली वसई धर्मप्रांत स्थापन झाला. खाडीच्या अलीकडचा हा भाग मुंबई महाधर्मप्रांतातच राहिला. पश्चिमेला समुद्रालगत उत्तन, पाली, चौक व डोंगरी ही जुनी गावे आहेत. तेथील ख्रिस्ती समाजाची परंपरा पोर्तुगीज काळापासूनची आहे. १७३९ साली मराठ्यांनी धारावी बेट व वसईचा किल्ला जिंकल्यावर युरोपीय मिशनरी निघून गेले. त्यानंतर स्थानिक व गोव्याहून आलेल्या धर्मगुरूंनी आणि प्रापंचिकांनी श्रद्धेची ज्योत तेवत ठेवली. गावच्या क्रुसासमोर एकत्र येऊन केलेली रोझरी व लादीन हीच तेव्हाची शेजारधर्माची उपासना होती.

पूर्वेला व रेल्वेमार्गालगत चित्र वेगळे आहे. १९९१ साली सुमारे पावणेदोन लाख असलेली शहराची लोकसंख्या २००१ साली सव्वापाच लाखांच्या जवळ पोहोचली आणि २०११ च्या जनगणनेत ती आठ लाखांच्या पुढे गेली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी येथे महानगरपालिका स्थापन झाली. मुंबईतून, गोवा व मंगळूरहून, केरळ व तामिळनाडूतून आलेली ख्रिस्ती कुटुंबे मिरा रोड व भाईंदरच्या इमारतींत राहू लागली. गावात सर्वांना सर्वांची सुखदुःखे ठाऊक असतात. इमारतीत मात्र समोरच्या दारामागे आपलाच धर्मबंधू राहतो, हेही वर्षानुवर्षे कळत नाही. लघु समूहाची गरज नेमकी येथे आहे.

बायबलवाचनाच्या सात पायऱ्या

समूहाच्या सभेत बहुधा सात पायऱ्यांची पद्धत वापरतात. दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने ती प्रचारात आणली. तिला धर्मशास्त्राच्या पदवीची गरज नाही. कष्टकरी, गृहिणी व विद्यार्थी सारेच तिच्यात सहभागी होऊ शकतात.

१. प्रभूला आपल्यामध्ये येण्याची विनंती करणे.
२. शास्त्रपाठ मोठ्याने वाचणे.
३. मनाला भिडलेला शब्द वा वाक्य प्रार्थनापूर्वक उच्चारणे.
४. काही मिनिटे मौन पाळणे.
५. अंतःकरणाला काय स्पर्शून गेले ते एकमेकांना सांगणे. येथे प्रवचन वा वादविवाद नसतो.
६. प्रभू आपल्या समूहाकडून कोणते काम करवून घेऊ इच्छितो, याचा विचार करून जबाबदारी वाटून घेणे.
७. उत्स्फूर्त प्रार्थनेने समारोप करणे.

यांपैकी सहावी पायरी सर्वांत कठीण आहे आणि बऱ्याचदा तीच गाळली जाते. उशीर झालेला असतो, मुलांचा अभ्यास राहिलेला असतो, सकाळची लोकल गाठायची असते. मग पाचव्या पायरीवरून थेट सातव्या पायरीवर उडी मारली जाते. अशी सभा भक्तिपूर्ण असेल, परंतु तेव्हा समूह केवळ वाचनमंडळ होऊन राहतो. वचन ऐकून त्याप्रमाणे न वागणारा माणूस आरशात तोंड पाहून लगेच आपला चेहरा विसरणाऱ्यासारखा असतो, असे संत याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे.

वचनातून सेवेकडे

एक उदाहरण घेऊ. लूकच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात रात्रभर कष्ट करूनही रिकाम्या हाताने परतलेल्या कोळ्यांचा प्रसंग आहे. प्रभूच्या शब्दावरून पेत्र पुन्हा जाळे टाकतो आणि ते फाटू लागते. त्या वेळी तो व त्याचे सोबती दुसऱ्या तारवातील साथीदारांना मदतीसाठी खुणावतात. उत्तनच्या मच्छीमार कुटुंबाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर असतात आणि हाती पैसा कमी असतो. कोणाच्या घरी शाळेची फी भरावयाची आहे, कोणाच्या जाळ्याचे नुकसान झाले आहे, हे समूहाने विचारावे व जमेल तसा हात द्यावा.

हाच पाठ मिरा रोडच्या इमारतीत वाचला तर ‘दुसरे तारू’ कोणते? लिफ्ट बंद पडल्यामुळे पाचव्या मजल्यावर अडकून पडलेली एकाकी वृद्धा, डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा रुग्णालयात जाणारा गृहस्थ, माहेर दूर असलेली बाळंतीण. त्यांच्यासाठी मोठा निधी लागत नाही. नावे लिहून घेणारा एक माणूस आणि वेळ देणारे चौघे पुरेसे असतात. ही मदत केवळ ख्रिस्ती शेजाऱ्यापुरती असू नये. चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला सांगताना प्रभूने धर्म व जात यांची कुंपणे ओलांडली होती.

२०२० साली मार्च ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे बंद होती. घंटा वाजली तरी लोक एकत्र येऊ शकत नव्हते. अशा वेळी शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक व त्याच्या घरची अडचण ठाऊक असणे किती मोलाचे असते, हे त्या काळाने सर्वांना शिकविले.

मातृभाषेतील वचन

बायबल शिक्षणाचा प्रश्न भाषेशीही निगडित आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. तारणाचा इतिहास मराठी ओवीत सांगण्याची परंपरा तेथून येते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली प्रसिद्ध झाले व त्यास साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. आज गावांतील अनेक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. आजी मराठीत प्रार्थना करते आणि नातू इंग्रजीत धर्मशिक्षण घेतो. समूहाच्या सभेत पाठ दोन्ही भाषांत वाचावा आणि मुलाने आजीला व आजीने मुलाला अर्थ सांगावा. त्यात थोडा वेळ अधिक जाईल, परंतु श्रद्धा एका पिढीकडून दुसरीकडे जाण्याचा मार्ग तोच आहे.

समूहाची कसोटी

समूहात किती कुटुंबे आहेत वा किती सभा झाल्या, यावरून त्याची पारख होत नाही. सभा संपल्यावर कोणाचे दार ठोठावले गेले, हे पाहावे. आपल्या इमारतीचा वा आळीचा समूह कोणता, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आपल्या प्रमुख धर्मगुरूंकडे विचारणा करावी. आणि जे नियमित जातात त्यांनी पुढील सभेत सहाव्या पायरीसाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत. त्या दहा मिनिटांत ठरलेले एक लहानसे काम पुढील सभेपूर्वी पूर्ण झाले, तर त्या घरी प्रभूचे वचन खऱ्या अर्थाने वाचले गेले असे म्हणता येईल.