गारद्यांचे देणे

३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, गारदी शनिवारवाड्यात घुसले ते थकलेल्या पगाराची ओरड करीत. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे धावत जाऊन चुलत्याला, राघोबादादांना, बिलगले आणि तेथेच मारले गेले. आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला, ही कथा आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो. या कथेने दादांची मोठी सोय केली. सारे पाप बायकोच्या माथी गेले. रामशास्त्री प्रभुण्यांनी मात्र दोष ठेवला तो दादांवरच.

आम्ही शाळा फार शिकलो नाही. इतिहास वाचला तो पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे आमची नजर आधी त्या पगारावर जाते. गारदी हा पोटासाठी बंदूक धरणारा माणूस. त्याचे गाऱ्हाणे दादांनी आपल्या गादीसाठी वापरले. १७५८ साली लाहोरपर्यंत फौज नेणारा हा पराक्रमी पुरुष, पण गादीसाठी त्याने भाडोत्री हात धरला, आणि पुढे भाडे देता देताच त्याचे आयुष्य सरले.

आता हिशेब पाहा. १७७४ साली बारभाई एकत्र आले. एप्रिलात सवाई माधवराव जन्मले आणि दादांचा हक्क संपला. १७७५ साली सुरतेच्या तहाने त्यांनी इंग्रजी पलटणींसाठी साष्टी आणि वसई देऊ केली. १७८२ साली सालबाईच्या तहात इंग्रजांनी साष्टी आपल्याकडे ठेवली आणि दादांना सोडून दिले. हाती उरले ते पेन्शन. पुढच्याच वर्षी कोपरगावाकडे त्यांचा अंत झाला. मुलगा दुसरा बाजीराव. त्यानेही १८०२ साली वसईच्या तहाने इंग्रजांच्याच बळावर गादी परत मिळवली. १८१८ साली त्यांनीच ती घेतली.

हे सांगताना आम्हांला आमचीच एक गोष्ट आठवते. आमच्या संघटनेतील एका पुढाऱ्याने थकबाकीच्या लढ्यावर चढून अध्यक्षपद गाठले आणि विरोधकांना दम देण्यासाठी बाहेरची माणसे आणली. द्वारसभेत आम्हीही टाळ्या वाजवल्या. दोन वर्षांत तीच माणसे त्याला हुकूम सोडू लागली. तो गेला, संघटना मोडली, आणि कामगारांची थकबाकी राहिली ती राहिलीच. त्या टाळ्यांचा हिशेब आम्हांला अजून देता आलेला नाही.